नायक मेलेलाच बरा!

सकाळच्या वर्तमानपत्रात हेन्री जॉन्सनच्या मृत्यूची बातमी छापून आली. नुसती बातमी नव्हे, संपादकांनी ठेवणीतले सगळे भारदस्त शब्द बाहेर काढून अग्रलेखही लिहिला. आगीच्या वेळी ज्या शेजाऱ्याने लाथ मारून घराचे दार उघडले, त्याची मुलाखतही सोबत होती. थोरामोठ्यांना हळहळ वाटली, की हा माणूस जिवंत असताना आपण त्याला कधी हात दिला नाही. जी पोरे कालपर्यंत हेन्रीच्या मागे मागे त्याच्या काळ्या रंगावरून यमके जुळवीत ओरडत फिरत, ती आता भांडणात त्याचे नाव एखाद्या साधुपुरुषासारखे घेऊ लागली. जो आधी घेईल तो जिंकला! एका तरुणीने तर हेन्रीशी आपले लग्न ठरले होते, असेही सांगून टाकले.

अडचण एवढीच होती, की हेन्री जॉन्सन मेलेला नव्हता.

ही गोष्ट व्हायलमव्हिल नावाच्या एका लहानशा अमेरिकन गावातली. नकाशात शोधायला गेल्यास हे गाव सापडणार नाही. ‘व्हायलम’ हा इंग्रजीतला जुना, वापरातून गेलेला शब्द आहे. त्याचा अर्थ ‘एके काळचा’. स्टीफन क्रेन या अमेरिकन लेखकाने १८९७ साली इंग्लंडमध्ये राहत असताना या गावावर ‘द मॉन्स्टर’ नावाची लघुकादंबरी लिहिली. मॉन्स्टर म्हणजे राक्षस. ‘सेंचुरी’ या प्रतिष्ठित मासिकाने ती नाकारली. मग ‘हार्पर्स’ मासिकाने ऑगस्ट १८९८ च्या अंकात छापली. क्रेनचे वय तेव्हा अवघे सव्वीस. ‘द रेड बॅज ऑफ करेज’ या युद्धकादंबरीने १८९५ मध्येच त्याचे नाव अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गाजले होते. गंमत म्हणजे ती लिहिली तेव्हा त्याने एकही लढाई डोळ्यांनी पाहिलेली नव्हती! जून १९०० मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा जर्मनीत मृत्यू झाला. युद्धकादंबरीमागे त्याची बाकीची पुस्तके थोडी झाकली गेली. ‘द मॉन्स्टर’ त्यांतलेच एक. एका सुटीच्या दुपारी वाचून होईल एवढे लहान, पण दुपार संपली तरी डोक्यातून न जाणारे.

मोडलेले फूल

सुरुवात अगदी घरगुती आहे. डॉक्टर ट्रेस्कॉट हे गावातले नामांकित डॉक्टर. एका संध्याकाळी ते बागेतले गवत कापताहेत. त्यांचा लहानगा जिमी आगगाडीचे इंजीन होऊन ढकलगाडी पळवतो आहे. इंजीन रुळावरून घसरते आणि पिओनीचे एक फूल मोडते. पोर घाबरते. फूल पुन्हा देठावर उभे करायची खटपट करते, पण मोडलेले फूल उभे राहत नाही. शेवटी वडिलांना हाताला धरून आणून दाखवते. वडील मारत नाहीत, ओरडत नाहीत. आज आता आगगाडी खेळायची नाही, एवढेच सांगतात.

हा प्रसंग जेमतेम दोनतीन पानांचा आहे. पुढे जे घडते, त्याचे बीज मात्र इथेच पडले आहे. झालेले नुकसान भरून येत नसेल, तर माणसाने काय करावे? जिमीला पडलेला हा प्रश्न काही दिवसांनी त्याच्या वडिलांपुढे उभा राहणार आहे आणि त्या वेळी मोडलेली वस्तू फूल नसेल.

शिक्षा झाली की जिमीने जायची जागा ठरलेली. ती म्हणजे तबेला. तिथे हेन्री असतो. हेन्री जॉन्सन हा डॉक्टरांच्या घोड्यांची निगा राखणारा कृष्णवर्णीय तरुण मोतद्दार. वयाने मोठा असला तरी दोघांची गट्टी. घोडे, गाडी, चाबूक, चंद्र, कशावरही त्यांचे एकमत होते! जिमीच्या लेखी हेन्रीइतका थोर माणूस गावात दुसरा नाही.

संध्याकाळी काम संपले की हेन्री वेगळाच माणूस होतो. फिकट जांभळी विजार, भडक रेशमी फीत लावलेली गवती हॅट असा थाट करून तो गावातून निघतो. न्हाव्याच्या दुकानात बसलेली रिकामटेकडी मंडळी काचेतून त्याच्याकडे बघून पैजा लावतात, टिंगल करतात. हेन्री आपल्याच ऐटीत पुढे जातो आणि गल्लीतल्या बेला फॅरागटच्या घरी, एखादा सरदार राजवाड्यात जावा तशा अदबीने भेट देतो. गाव त्याच्याकडे बघते, पण त्याच्या नजरेला पडतात ते कपडे आणि रंग. हेन्रीचा चेहरा नीट पाहिलेला गावात कुणी होता का, असा प्रश्न पुढे वाचकाला पडल्याशिवाय राहत नाही.

त्याच रात्री, बागेत बँड वाजत असताना, आगीचा भोंगा होतो. आग लागलेली असते ती डॉक्टरांच्या घराला. डॉक्टर बाहेर गेलेले आहेत. त्यांची पत्नी जिमीच्या नावाने आक्रोश करते आहे आणि जिमी वरच्या मजल्यावर झोपलेला आहे. हेन्री पळत येतो, कुणाला काही न विचारता आत घुसतो, पोराला ब्लँकेटमध्ये गुंडाळून उचलतो. मागे वळतो तर जिना पेटलेला. क्षणभर त्याला वाटते, संपले सगळे. मग आठवते, मागच्या बाजूला एक छोटा खासगी जिना आहे, तो डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत उतरतो.

इथे क्रेनने जे लिहिले आहे ते वाचताना अंगावर काटा येतो. प्रयोगशाळेतल्या रसायनांच्या बरण्या फुटताहेत आणि ज्वाळा निळ्या, जांभळ्या, हिरव्या रंगांत फुलताहेत. एखाद्या जळत्या बागेत शिरावे तसा हेन्री त्या रंगांत शिरतो आणि कोसळतो. पडता पडता पोराला खिडकीच्या दिशेने फेकतो. त्याचे डोके एका जुन्या टेबलाच्या पायाशी येते. टेबलावरची बरणी तडकते, तांबड्या रंगाचा एक ओघळ सापासारखा सरपटत कडेपर्यंत येतो आणि खाली हेन्रीच्या चेहऱ्यावर टपकू लागतो.

परत आलेले डॉक्टर जिमीला बाहेर काढतात. हेन्रीला आणण्यासाठी एक रेल्वे कामगार आत जातो आणि जे आणतो ते गवतावर ठेवले जाते. गावातल्या इतर डॉक्टरांचे एकमत होते, की हा काही वाचत नाही. सकाळच्या वर्तमानपत्राने मग वाट पाहिली नाही.

जज्जसाहेबांचे म्हणणे

पण डॉक्टर ट्रेस्कॉट हट्टाला पेटतात. गावच्या जज्जसाहेबांच्या घरी हेन्रीला ठेवलेले असते. डॉक्टर रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसतात आणि होते नव्हते ते सगळे कसब पणाला लावून त्याला जगवतात. हेन्री जगतो, पण त्याचा चेहरा उरलेला नसतो. डोक्यावरही परिणाम झालेला असतो.

मग येतो पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा संवाद. जज्ज हेगनथॉर्प हा दुष्ट माणूस नाही. आपल्या घराचे दार त्याने उघडून दिले आहे. विचारी आहे, सुसंस्कृत आहे. तो डॉक्टरांना हळुवारपणे सुचवतो, की आपण जे करतो आहोत तो चुकीच्या जागी केलेला दयाधर्म तर नाही ना? या माणसाला निसर्गाने सोडून दिले होते. डॉक्टर त्याला परत आणतील, पण तो माणूस म्हणून परत येणार नाही. तो डॉक्टरांनी घडवलेला राक्षस असेल. हे बोलणे चालू असताना खाटेवर बँडेजमध्ये गुंडाळलेला हेन्री पडलेला आहे आणि त्या पट्ट्यांमधून एकच डोळा पापणी न लववता जज्जसाहेबांवर रोखलेला आहे. जज्जसाहेबांना त्या डोळ्यापुढे बोलवत नाही. दुसरीकडे जाऊन बोलू या, असे तेच सुचवतात.

डॉक्टरांपाशी या युक्तिवादाला उत्तर नाही. पुस्तकभर त्यांना ते सापडत नाही. त्यांच्याकडे आहे ते एकच वाक्य, की या माणसाने माझ्या पोरासाठी स्वतःला दिले. ते पुन्हा पुन्हा तिथेच येतात. तत्त्वज्ञान जज्जसाहेबांकडे आहे, ऋण डॉक्टरांकडे. आणि ज्याच्याबद्दल हे सगळे चालले आहे, त्याला काय हवे हे दोघेही विचारत नाहीत. जज्जसाहेब तर नाहीतच, पण डॉक्टरही नाहीत. क्रेनने ही गोष्ट कुठे बोलून दाखवलेली नाही. खाटेवरचा तो डोळा मात्र लक्षात राहतो.

त्या काळात चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून तो पुन्हा घडवण्याचे शास्त्र बाल्यावस्थेत होते, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. त्याला वेग आला तो पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांमुळे. डॉक्टर ट्रेस्कॉटना हेन्रीचा जीव परत देता आला, चेहरा देणे त्यांच्या हातात नव्हते.

पुढे हेन्रीला रात्रीच्या अंधारात गावाबाहेर एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाकडे पोचवले जाते. डॉक्टर त्याच्या सांभाळासाठी आठवड्याला पैसे देतात. पण घरची पोरे भेदरतात, शेजारी येईनासे होतात आणि घरमालक जास्त पैसे मागायला जज्जसाहेबांकडे येतो. एका रात्री हेन्री तिथून निसटतो. त्याच्या बिघडलेल्या डोक्यात काळ तिथेच थांबलेला आहे. तो सरळ बेलाच्या घरी जातो आणि पूर्वीच्याच अदबीने तिची चौकशी करतो. आपले लग्न ठरले होते असे सांगणारी बेला जमिनीवरून सरपटत पळू पाहते. तत्पूर्वी एका घरात मुलांची पार्टी चालू असते. खिडकीजवळ बसलेली एक छोटी मुलगी बाहेर बघते आणि किंचाळते. जमाव जमतो, दगड उचलले जातात. पोलीसप्रमुख हेन्रीला कोठडीत घालतो, कारण गावात त्याच्यासाठी तेवढीच सुरक्षित जागा उरलेली असते.

वर्तमानपत्रात अग्रलेख छापणारे गाव ते हेच!

पोर्ट जर्विसची रात्र

हे सगळे क्रेनने कल्पनेतून उभे केले असे म्हणून सोडून देता आले असते. पण व्हायलमव्हिलच्या मागे एक खरे गाव आहे. न्यूयॉर्क, न्यूजर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये जिथे भेटतात, तिथे डेलावेअर नदीकाठी पोर्ट जर्विस हे रेल्वेचे गाव आहे. क्रेनचे वडील १८७८ मध्ये तिथल्या मेथडिस्ट चर्चचे पाद्री झाले. स्टीफन तेव्हा सहा वर्षांचा होता. दोन वर्षांत वडील वारले. पुढे त्याचा थोरला भाऊ विल्यम याच गावात वकिली करू लागला.

२ जून १८९२ रोजी या गावात रॉबर्ट लुइस नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाला, एका गोऱ्या मुलीवर हल्ला केल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले. खटला नाही, साक्षी नाहीत. शेकडो लोकांच्या जमावाने त्याला पोलिसांच्या हातून हिसकावले आणि रस्त्यावरच्या झाडाला फाशी दिले. हे झाड विल्यम क्रेनच्या घरापासून जवळच होते. विल्यम धावत गर्दीत घुसला, दोर सोडवायची त्याने खटपट केली, पण जमावापुढे त्याचे काही चालले नाही. पुढे चौकशीत त्याने साक्ष दिली. गावातल्या इतक्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या या खुनाबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही. फिलिप ड्रे या लेखकाने २०२२ मध्ये या प्रकरणावर एक सविस्तर पुस्तक लिहिले. त्या घटनेला तेव्हा १३० वर्षे झाली होती.

अशा झुंडबळींच्या बाबतीत १८९२ हे सगळ्यात वाईट वर्ष मानले जाते. टस्केगी इन्स्टिट्यूटच्या नोंदीप्रमाणे त्या एका वर्षात अमेरिकेत १६१ कृष्णवर्णीयांचा असा बळी गेला. बहुतेक दक्षिणेत. पोर्ट जर्विस मात्र न्यूयॉर्क राज्यात, म्हणजे उत्तरेत. या राज्याने गुलामगिरी १८२७ मध्येच संपवली होती. उत्तरेतल्या भल्या माणसांना वाटे, वर्णद्वेष ही दक्षिणेची कीड आहे, आपल्याकडे तसले काही नाही. क्रेनने आपली गोष्ट नेमकी या भल्या माणसांत नेऊन ठेवली. कादंबरीत झाड नाही, दोर नाही, १८९२ चा उल्लेखही नाही. मात्र एका कृष्णवर्णीय माणसामागे गर्दी लागते आणि तिच्या आड एकटाच माणूस उभा राहतो. हे त्याने आपल्या भावाच्या अनुभवातून उचलले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

मराठी वाचकाला इथे एका तारखेची आठवण होईल. महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अर्पण केले होते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जी निःस्वार्थ आणि आत्मत्यागी निष्ठा दाखवली, तिच्या गौरवासाठी! क्रेन त्या वेळी दोन वर्षांचाही नव्हता. जोतिरावांनी ज्यांचा गौरव केला, त्यांनी खरोखरच मोठे काम केले होते आणि पुण्यात बसून ते ओळखणे हा जोतिरावांचा मोठेपणा. पण चोवीस वर्षांनी त्याच देशातला एक तरुण लेखक आत्मत्यागाची गोष्ट लिहितो तेव्हा त्याग करणारा काळा असतो, वाचणारा गोरा असतो आणि ऋण फेडायची वेळ आली की गाव हात झटकते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळे डबे ठेवणे कायदेशीर ठरवले होते. गुलामगिरी गेली होती, पण शेजारी बसायची तयारी नव्हती.

एवढे असूनही हे पुस्तक निर्दोष मानता येणार नाही. हेन्रीला ज्यांच्याकडे ठेवले जाते तो अॅलेक विल्यम्स, त्याचे कुटुंब, बेला आणि तिची आई यांची चित्रे क्रेनने त्या काळच्या थिल्लर नाटकांतून उचलल्यासारखी रंगवली आहेत. अॅलेकचे गुडघे भीतीने लटलटतात, बोली हसण्यासाठी वापरली जाते, भीतीचे प्रसंग फार्ससारखे लांबतात. गोऱ्या माणसांची भीती क्रेन गंभीरपणे तपासतो आणि काळ्यांच्या भीतीवर हशा मिळवतो. गावाचा दोष दाखवणारा लेखक त्याच गावात वाढलेला होता, हे या पानांवर ठळक दिसते. आजच्या वाचकाला ती खटकतात आणि खटकायलाच हवीत.

१९५९ मध्ये या कथेवर ‘फेस ऑफ फायर’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात आग आहे, पोर आहे, जळालेला चेहरा आहे, घाबरलेले गाव आहे. फक्त पोराला वाचवणारा माणूस गोरा करून टाकला आहे! जे गावाला बघवले नाही, ते साठ वर्षांनी पडद्यालाही दाखवता आले नसावे.

पंधरा कप

हेन्री कोठडीतून परत येतो तो डॉक्टरांच्याच घरी. ते त्याला आपल्या आवारात ठेवतात. तोंडावर जाड काळा बुरखा घेऊन तो तबेल्याजवळ एका खोक्यावर बसून काहीबाही गुणगुणत असतो. जिमीला आधी त्याची भीती वाटते, मग भीती ओसरते आणि तिच्या जागी येते ती फुशारकी. शेजारची पोरे जमवून तो हेन्रीला जत्रेतल्या प्राण्यासारखा दाखवू लागतो. कोण जवळ जाऊन हात लावून येतो, यावर पैजा लागतात. ज्याने आपला जीव वाचवला त्याची ओळख पोराला राहिलेली नाही, की आहे पण ती वापरायची कशी हे कळत नाही? डॉक्टर बग्गीतून येताना हा खेळ पाहतात. फूल मोडले त्या दिवशी पोरगे त्यांना हात धरून घेऊन गेले होते. आज त्याला काही मोडले आहे, याचा पत्ताही नाही.

गावात डॉक्टरांचे रोगी कमी होऊ लागतात. पार्टीत भ्यालेल्या मुलीचा बाप तर डॉक्टरांना अटक करा म्हणून मागे लागतो. शेजारी हॅनिगन, आगीच्या रात्री दार उघडून मुलाखत देणारे तेच, आता घर बदलणार असल्याची कुजबुज सुरू होते. साऱ्या गावात डॉक्टरांच्या बाजूने बोलते ती फक्त मार्था गुडविन, तिखट जिभेची, बहिणीकडे राहणारी एक अविवाहित बाई. सगळे गाव असे म्हणते, असे कुणी सांगितले की ती विचारते, सगळे गाव म्हणजे कोण? तिच्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. लहान गावात अशा बाईचे मत नेहमीच स्वस्त असते.

मग एके दिवशी चार प्रतिष्ठित माणसे डॉक्टरांना भेटायला येतात. जज्ज आहेत, गावचा श्रीमंत घाऊक व्यापारी आहे. कुणी धमकी देत नाही, आवाज चढवत नाही. त्यांना डॉक्टरांची काळजी आहे आणि ती खरी आहे. हेन्रीला दूर एखाद्या शेतावर ठेवू, व्यापारी तशी सोय करून द्यायला तयार आहे, नाहीतर एखाद्या संस्थेत पाठवू. तुमची प्रॅक्टिस धुळीला मिळते आहे, हट्ट सोडा. क्रेनचे सामर्थ्य इथे दिसते. या चौघांत एकही खलनायक नाही. दगड मारणाऱ्या जमावाला नाही म्हणणे सोपे असते. डोळ्यांत पाणी आणून समजावणाऱ्या मित्रांना नाही म्हणायचे कसे? डॉक्टर नाही म्हणतात.

हेन्रीचा त्याग काही मिनिटांचा होता. आग, जिना, प्रयोगशाळा, संपले. डॉक्टरांचा त्याग रोजचा आहे. रोज थोडे रोगी कमी, रोज थोडे नमस्कार कमी. त्याला अग्रलेख मिळत नाही. आणि त्यांच्या घरात आणखी एक व्यक्ती आहे, जिला हा निर्णय घ्यायला कुणी विचारलेले नाही, पण किंमत मात्र तिलाही मोजायची आहे.

त्या काळच्या रीतीप्रमाणे गावातल्या प्रतिष्ठित घरच्या बायका आठवड्यातला एक दिवस ठरवून घेत. त्या दिवशी घरी चहा-केक तयार ठेवायचा आणि मैत्रिणींनी यायचे. डॉक्टरांच्या पत्नीचा वार बुधवार. हिवाळ्यातल्या एका बुधवारी डॉक्टर घरी येतात. बाहेर बर्फ पडते आहे. दिवाणखान्यात लहान टेबलावर चहाचे कप मांडलेले आहेत, केक तसाच आहे, आणि पत्नी रडते आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे न चुकता यायचे त्या आलेल्या नाहीत. ती कुणाला बोल लावत नाही. हेन्रीला घालवा, असेही म्हणत नाही. डोके दुखते आहे, एवढेच सांगते. डॉक्टर तिचे डोके खांद्याशी धरतात आणि तिला थोपटता थोपटता त्यांची नजर टेबलाकडे जाते. ते नकळत कप मोजू लागतात. पंधरा भरतात.

पुस्तक इथे थांबते. हेन्री या वेळी कुठे आहे, काय करतो आहे, हे क्रेन सांगत नाही. तबेल्याजवळच्या त्या खोक्यावर बर्फ पडत असेल.